मूठ समोरच्याकडे

धाकट्या भावाच्या मरणाने थोरल्याच्या पदरात काय काय पडणार होतं, ते खालच्या कोर्टाने निकालपत्रात व्यवस्थित मांडून ठेवलं होतं. खुर्च्यांचा अख्खा कारखाना. त्याच्या मागचं राहतं घर. वडिलांनी जमवलेलं, वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड. आणि पुन्हा कधी 'वाटणी कर' म्हणायला समोर कुणी नाही. न्यायाधीशांनी हे सगळं एका पारड्यात टाकलं, आरोपीचा स्वतःचा कबुलीजबाबही त्याच पारड्यात टाकला, आणि जन्मठेप दिली. विनापरवाना पिस्तूल बाळगल्याची शिक्षा वर वेगळी.

वकीलबाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. माणसं ओळखायचा त्यांचा एक साधा ठोकताळा होता. कोण काय बोलतो ते नंतर ऐकावं, कुणाला काय मिळालं ते आधी बघावं. साऱ्या वकिलीत तो फारसा चुकला नव्हता. इथे मात्र ताळा जमेना. ज्याला हे सगळं मिळायचं होतं तो गोळी सुटल्यावर पळाला नव्हता की त्याने काही लपवलंही नव्हतं. दार उघडून त्याने शेजारच्या काचवाल्याला सांगितलं होतं, "मी भावाला मारलं. पोलिसांना बोलवा." एवढा घास तोंडाशी आणून कुणी ताट पालथं घालत नाही.

आणि आज सकाळी तुरुंगातून निरोप आला होता. अपील मागे घ्या. सुनावणी पुढच्या आठवड्यात असताना.

"तुमचे यजमान म्हणतात, अपील नको," त्यांनी समोर बसलेल्या बाईला सांगितलं.

ती थोरल्याची बायको. दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले, आणि नजर अशी की दुकानदाराने मापात मारायच्या आधी दहादा विचार करावा.

"ते काहीही म्हणतील. अपील माझं आहे."

"कायद्याने ते त्यांचं आहे."

"मग कायदा त्यांना ओळखतच नाही. वकीलबाई, कारखान्यात मांजर शिरलं तर त्यांना ते हाकलता यायचं नाही. समजावत बसायचे त्याला. असा माणूस सख्ख्या भावावर गोळी झाडेल?"

"भांडण झालं होतं. शेजाऱ्यांनी ऐकलंय. 'या घरात एक तर हे राहील नाही तर मी,' असं ओरडले होते ते."

"भांडण रोजचंच होतं. भांडून झालं की दोघं एकाच ताटात जेवायला बसायचे. भावजी तर भांडता भांडताच जेवायचे."

"तुम्ही तिथे नव्हतात."

"कामावर होते. आले तेव्हा..." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आले तेव्हा सगळं झालं होतं."

"सासूबाई काय म्हणतात?"

तिने बोटाभोवतीचा पदर सोडवला. "त्या त्यांचं नाव घेत नाहीत. फोटो उतरवायला लावला. म्हणाल्या, तुला नवऱ्याला भेटायला जायचं तर जा, माझ्यासमोर त्याची गोष्ट काढू नकोस. चौथं वर्ष चाललंय. एकदाही भेटायला गेल्या नाहीत. मी भेटून आले की ते पहिलं एकच विचारतात, आईला बरं आहे ना?"

वकीलबाईंनी चष्मा खाली ओढला. आपल्याला शिव्याशाप देणाऱ्या आईची चौकशी करणारा मुलगा त्यांनी पाहिला होता. पण चौकशीच्या मागोमाग 'तिला सांग, माझा काही दोष नाही' असं न म्हणणारा नव्हता पाहिला.

*

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत टेबल जमिनीला ठोकलेलं होतं. थोरला ओळखीच्या घरी यावा तसा आत आला, बसायच्या आधी खुर्ची हलवून बघितली आणि म्हणाला, "हिचा मागचा पाय सैल आहे. तुम्ही त्या दुसरीवर बसा."

वकीलबाई दुसरीवर बसल्या.

"भावाला का मारलंत?"

"रागात."

"पिस्तूल कुणाचं?"

"माझं."

"कुठून आणलंत?"

"आणलं."

"तुम्ही सुतार. पटाशी, करवत, हातोडा, सगळं हाताशी. रागावलेला माणूस हाताला लागेल ते उचलतो. तुम्ही पिस्तूल कुठून काढलंत?"

"कमरेला होतं."

"कमरेला पिस्तूल खोचून खुर्च्यांना पाय बसवत होतात?"

त्याने टेबलाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

"मग भावाने काय केलं?"

"हात धरला माझा. झटापट झाली. सुटली गोळी."

"झटापटीत सुटली, तर तो अपघात. तसं म्हणाला असतात तर आज घरी असतात. 'मीच मारलं' कशासाठी?"

"मीच मारलं म्हणून."

"आई कुठे होती?"

इतका वेळ टेबलाच्या सांध्याकडे बघत असलेला माणूस पहिल्यांदाच वर बघून बोलला. "तिला दिसत नाही. उजेड-अंधार कळतो तेवढंच. तिला यात आणू नका."

"मी ती कुठे होती ते विचारलं."

"तिच्या जागी. वेत विणत." मग घाईघाईने, "अर्ज आणलात का? सही करतो मी."

वकीलबाईंनी अपील मागे घेण्याचा अर्ज पुढे केला, पेन दिलं. त्याने सही केली आणि पेन परत केलं. टोपण न लावता, निबाकडून धरून, मागचं टोक वकीलबाईंच्या दिशेला. त्याचं बोट निळं झालं.

"शाई लागली तुम्हाला."

"लागू दे. सवय आहे."

अर्ज पिशवीत टाकत वकीलबाई म्हणाल्या, "सुनावणीपर्यंत हा माझ्याकडे राहील. तोवर तुम्ही मला पटवलंत, तर देईन कोर्टात."

"काय पटवायचं?"

"की तुम्ही खरं बोलताय. खोटं बोलायला तुम्हाला अजिबात जमत नाही, आणि तरी न्यायाधीशांना पटलं. याचंच मला नवल वाटतं."

*

तपास करणारे फौजदार निवृत्त झाले होते आणि आता कुंड्यांचा तपास करत होते. प्रत्येक कुंडीत बोट खुपसून माती ओली आहे का ते बघत ते बोलत होते. वकीलबाईंनी ओट्यावर कोर्टातले फोटो पसरले.

"पिस्तुलावर ठसे कुणाचे?"

"थोरल्याचे. उजव्या हाताचे. एवढे स्वच्छ ठसे मी उभ्या नोकरीत पाहिले नाहीत. वर्गात शिकवायला घ्यावेत असे."

"आणि दुसरे?"

"दुसरे कसले? पुसलेलं होतं ना आधी."

"आधी पुसलं, मग धरलं?"

फौजदारांचं बोट मातीत थांबलं. "भांबावला असेल माणूस."

"पुसणारा माणूस काहीतरी लपवतो. कबुली देणाऱ्याला लपवायचं काय असतं? आणि पुसलं कशाने?"

"स्पिरिटचा वास येत होता. पण पॉलिशचा कारखाना तो. तिथे भिंतीलासुद्धा वास येतो."

वकीलबाईंनी एका फोटोवर बोट ठेवलं. स्पिरिटची बाटली, बूच बाजूला पडलेलं. शेजारी चिंधी. मागे रांगेने चार खुर्च्या, चारही कोऱ्या. पॉलिशचा हात कशालाच लागलेला नव्हता. टेबलाच्या अगदी कडेला चुकांची, बारीक खिळ्यांची, डबी उघडी होती. त्यातली एकही चूक सांडली नव्हती.

"झटापट जरा सभ्यपणाने झालेली दिसते."

"वकीलबाई, कबुली होती. आयतं वाढलेलं ताट समोर आल्यावर कोण उठून चूल पेटवतो?"

"आई कशी होती, तुम्ही गेलात तेव्हा?"

त्यांचा आवाज जरा उतरला. "बुटक्या स्टुलावर बसलेली. अर्धवट विणलेली बैठक समोर. मुठीत आरी, वेत ओवायची ती जाड टोचणी, अशी घट्ट धरलेली की सोडवायला दोघं लागलो. दुसऱ्या हाताने जमीन चाचपत होती. मुलगा कुठे पडलाय ते शोधत."

"तिचा जबाब मी वाचला. 'धाकट्याला म्हटलं, आरी दे. त्याने दिली, मी धरली, आणि आवाज झाला.'"

"हो. कोर्टाने तो बाजूला ठेवला. दिसतच नाही तर साक्ष कसली?"

"पिस्तुलाची मूठ लाकडी होती ना?"

"फार सुंदर. त्यांच्याच कारखान्यातलं लाकूड, त्यांचंच काम. म्हणून तर पिस्तूल त्याचं ठरलं."

"कारखान्यात मुठी कोण घडवायचं?"

"हत्यारांच्या? ते काम धाकट्याचं." एवढं बोलून फौजदार थांबले. मग त्यांनी पाण्याची झारी खाली ठेवली. ज्या कुंडीत नुकतंच पाणी घातलं होतं, तिच्यातच त्यांनी पुन्हा बोट खुपसलं.

घरी परतताना वकीलबाईंच्या डोक्यात शवविच्छेदनाच्या अहवालातल्या दोन ओळी घोळत होत्या. गोळी बरगड्यांच्या खालून शिरून वर खांद्याकडे गेली होती. आणि मेलेल्याच्या उजव्या तळव्यावर बंदुकीच्या धुराचा काळा डाग होता. सरकारी वकील म्हणाले होते, त्याने जीव वाचवायला नळी पकडली. ठीक. पण थोरला धाकट्याहून वीतभर उंच होता. आणि जीव वाचवायला नळी पकडणाऱ्या धाकट्याने त्याच क्षणी आईला आरी कशी दिली?

*

कारखाना म्हणजे एक लांबट खोली होती. एका बाजूला लाकूड आवळून धरायचा शिकंजा, त्यावर कापड टाकलेलं. दुसऱ्या बाजूला, खिडकीच्या उजेडात, आईचं बुटकं स्टूल. उजेडाचा तिला उपयोग नव्हता. पण जागा तिची होती. खुर्चीच्या रिकाम्या चौकटीत ती वेताच्या पट्ट्या ओवत होती, आणि तिची बोटं डोळस माणसापेक्षा भरभर चालत होती.

"बसा, वकीलबाई. कुणाच्या बाजूच्या तुम्ही?"

"सुनेच्या."

"मग तिच्याशी बोला." तिने मान न वळवता उजवा हात खांद्याच्या उंचीवर उचलला. "आरी."

सून दोन पावलांत आली, टेबलावरची आरी टोकाकडून धरली आणि मूठ सासूच्या तळव्यात दिली. बोटं मिटली. हात खाली आला. सगळं इतकं सहज की एकीने मागितलं आणि दुसरीने दिलं हेही दोघींच्या लक्षात आलं नसावं.

वकीलबाईंना आपल्या पेनाची आठवण झाली.

"तुमच्याकडे सगळे असंच देतात वाटतं? टोक आपल्याकडे ठेवून?"

"मूठ समोरच्याकडे, धार आपल्याकडे," आई म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या आवाजात थोडी ऊब आली. "हत्यारांच्या घरात वाढलेली पोरं. मीच शिकवलं. हातावर फटके देऊन शिकवलं. धाकटा फार हूड. एकदा पटाशी माझ्याकडे उलटी धरली, हे बघा, अजून वण आहे. त्या दिवशी मी त्याला असा मारला, असा मारला, की पुढे जन्मभर तो चमचासुद्धा दांडा पुढे करून द्यायचा. लोक हसायचे. म्हणायचे, अरे, चमच्याने काय खून होतो?"

ती हसली आणि हसणं मध्येच विझलं.

"आणि थोरला?" वकीलबाईंनी विचारलं.

"मला एकच मुलगा होता. तो गेला."

सून तिथेच उभी होती. तिने फक्त खाली पडलेले वेताचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली.

वकीलबाई उठून शिकंज्यापाशी गेल्या. "हे कुणी वापरतं?"

"भावजींची जागा," सून हळूच म्हणाली. "त्या दिवशी मी कापड टाकलं ते टाकलंच. पोलिसांनी वरवर पाहिलं होतं. लाकडाचा तुकडा आहे आत, एवढंच."

कापडाखाली खरंच लाकडाचा एक तुकडा शिकंज्यात आवळलेला होता. अर्धा घडवलेला. कुणाला वाटावं, आरीची मूठ. तशीच गोलाई, तसाच हाताला बसणारा फुगवटा, तसाच गुळगुळीत हात फिरवलेला. फक्त खालच्या बाजूला किंचित बाक होता, आणि वरच्या टोकाला लोखंड बसवायची खाच. आरीला अशी खाच लागत नाही. शिकंज्याखालच्या भुश्यात हात घातल्यावर आणखी एक मूठ निघाली. ही पुरी झालेली. फोटोतल्या पिस्तुलाच्या मुठीची सख्खी बहीण.

सुनेने ती बघितली. आधी तिला काही कळलं नाही. मग कळलं, आणि तिने तोंडावर हात धरला. एवढंच कळलं होतं तिला, की पिस्तूल नवऱ्याचं नव्हतं.

वकीलबाईंना त्याहून बरंच जास्त कळलं होतं. त्या मूठ हातात घेऊन मागे फिरल्या. बाहेर पडायची वाट खिडकीपाशी बसलेल्या आईच्या जवळूनच होती. आईने आरी मांडीवर ठेवली होती, ती घरंगळून खाली गेली. तिने चाचपलं नाही. नेहमीसारखा हात खांद्याच्या उंचीवर उचलला. "आरी."

त्या उचललेल्या हाताला वकीलबाईंच्या हातातली मूठ लागली. त्यांनी ती मुद्दाम पुढे केली की केवळ मागे घेतली नाही, याचा जबाब त्यांनी पुढे कधीच कुणाला दिला नाही. स्वतःलाही नसावा.

आईची बोटं मिटली.

आणि मिटलेलीच राहिली. अंगठा फुगवट्यावरून फिरला. करंगळी खालच्या बाकात जाऊन बसली. चेहऱ्यावरचा रंग असा उतरत गेला, जसं भांड्यातलं पाणी भोक पडल्यावर उतरतं.

"ही आरी नाही," ती म्हणाली.



"ही त्या दिवशी माझ्या हातात आली होती."

"आई, द्या ती इकडे," सून पुढे आली. आता तिलाही सगळं दिसलं होतं. तिने वकीलबाईंचा दंड धरला. "नको, वकीलबाई. काही सांगू नका. मी थांबेन. जेवढी वर्षं असतील तेवढी थांबेन. ते म्हणत होते ते बरोबर होतं, अपील नको."

"तू गप्प बस," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बाई, तुम्ही सांगा. मला दिसत नाही म्हणून सगळ्यांनी मला अंधारातच ठेवलं. तुम्ही सांगा."

वकीलबाईंनी स्टुलासमोर जमिनीवर बसकण मारली, म्हणजे आवाज समोरून यावा. आयुष्यात त्यांनी बरेच गुन्हेगार उघडे पाडले होते आणि त्या प्रत्येक वेळी आतून जरा सुख वाटलं होतं. आज ते सुख नव्हतं.

"धाकटा कुणालातरी चोरून पिस्तुलांच्या मुठी घडवून द्यायचा. हात चांगला होता त्याचा. त्या दिवशी मूठ बसवायला एक पिस्तूल त्याने इथे आणलं. थोरल्याने पाहिलं. भांडण झालं. शेजाऱ्यांनी ऐकलं ते वाक्य तेव्हाचं. 'एक तर हे राहील नाही तर मी.' हे म्हणजे धाकटा नव्हे. हे म्हणजे पिस्तूल."

"वाटणीचं नव्हतं भांडण?"

"वाटणीचं रोजचं होतं. त्या दिवशीचं नव्हतं. थोरला तुमच्या मागे उभा होता, धाकटा समोर, तुम्ही मध्ये. थोरल्याने पिस्तूल मागितलं. धाकटा शेवटी कबूल झाला. ते रिकामं आहे असंच त्याला वाटत असणार. त्याने ते पुढे केलं, तुम्ही शिकवलं तसं. मूठ समोरच्याकडे, नळी आपल्याकडे. म्हणून त्याचा तळवा काळा झाला. त्याने नळी झटापटीत पकडली नव्हती. द्यायला धरली होती. झटापट झालीच नाही. टेबलाच्या कडेची चुकांची डबीसुद्धा हलली नाही."

आईचा हात त्या मुठीवर अजून मिटलेला होता.

"त्याच वेळी तुम्ही आरी मागितली होती. तुमचा हात वर होता. त्या हाताला मूठ लागली. मूठ लागली की तुमची बोटं मिटतात. त्यांना सांगावं लागत नाही. त्यातलं एक चापावर मिटलं. आरीची मूठ आणि ही मूठ, दोन्ही एकाच हाताने घडवलेल्या. तुम्ही खाली बसलेल्या होतात म्हणून गोळी खालून वर गेली. थोरल्याने झाडली असती तर ती वरून खाली गेली असती."

"मग आरी? माझ्या हातात आरी होती. पोलिसांनी सोडवली."

"ती नंतर आली. आवाजाने तुमचे कान बधिर झाले होते, डोळ्यांना दिसत नव्हतं. थोरल्याने तुमच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं आणि त्या जागी आरी ठेवली. मग स्पिरिटने तुमचे ठसे पुसले. मग आपले उमटवले, नीट, स्वच्छ. मग दार उघडलं."

"अपघात झाला म्हणायचं होतं त्याने." आई म्हणाली. "माझ्या हातून सुटली असं नव्हतं म्हणायचं, तर त्याच्या हातून चुकून सुटली म्हणायचं. चुकून."

"अपघात म्हटलं की पोलीस विचारतात, कोण कुठे होतं, कुणाचा हात कुठे होता. सगळं पुन्हा करून बघतात. खून म्हटलं की एकच विचारतात, का. 'का'चं उत्तर त्याच्याकडे होतं. वाटणी. म्हणून तो खुनी झाला."

आईने मूठ मांडीवर उतरवून ठेवली.

"मी त्याला काय काय म्हटलं," आई म्हणाली. "त्या दिवशी, पोलिसांसमोर. त्याच्या तोंडावर. तो उभा राहून ऐकत होता?"

"हो."

"आणि धाकटा... तो देत होता म्हणालात. थोरल्याला."

"देत होता."

"म्हणजे त्याने ऐकलं होतं भावाचं."

"हो."

तिने मान हलवली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "सूनबाई, तो फोटो कुठे ठेवलायस?"

"माझ्या पेटीत."

"लाव."

*

वरच्या कोर्टात आईला हात धरून साक्षीच्या पिंजऱ्यात आणलं. तिच्यासमोर टेबलावर दोन वस्तू ठेवल्या होत्या, रुमालाखाली झाकून. तिने एकेक हातात घेतली आणि म्हणाली, ही आरी. ही ती.

"तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"साहेब, मला तेवढंच कळतं. बाकी काही दिसत नाही."

सरकारी वकिलांनी उलटतपासणी सोडून दिली. आरोपीच्या जागी उभा थोरला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, तिला भ्रम झालाय, म्हातारी झाली आहे, तिचं ऐकू नका. त्याचं कुणी ऐकलं नाही. इतकी वर्षं खोटं ऐकलेल्या कोर्टाने पहिल्यांदाच त्याला खोटं पाडलं.

खुनाची शिक्षा रद्द झाली. पिस्तुलाची शिक्षाही त्याच्या वाट्याची नव्हतीच, पण ती भोगून कधीच संपली होती. ती परत कशी करणार? वकीलबाईंच्या पिशवीतला सही केलेला अर्ज तसाच पिशवीत राहिला.

काही आठवड्यांनी त्या कागदपत्रं परत द्यायला कारखान्यात गेल्या. थोरला खुर्चीला पाय बसवत होता. आई स्टुलावर होती. दोघं बोलत नव्हते. पण न बोलणंही एकाच खोलीतलं होतं. भिंतीवर दोन फोटो होते, एकाच उंचीवर.

"आरी," आई म्हणाली. हात उचलला नाही.

थोरला उठला, आरी घेतली आणि तिच्या गुडघ्याजवळ टेबलावर ठेवली. बोटाने लाकडावर दोनदा टकटक केलं. तिने चाचपून ती उचलली. मग सुनेने पाणी आणलं, तेही टेबलावर ठेवलं. टकटक. त्या घरात आता कुणी कुणाच्या हातात काही देत नाही. किल्ली, कप, कागद, सगळं आधी खाली टेकतं.

वकीलबाईंनी फाइल पुढे केलेली होती. त्यांनी ती मागे घेतली, टेबलावर ठेवली, आणि त्यांनीही दोनदा टकटक केलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी सवयीप्रमाणे हिशेब मांडला, पण या वेळी कुणाला काय मिळालं त्याचा नाही, कुणी काय दिलं त्याचा. धाकट्याने एकदा थोरल्याचं ऐकलं, आणि जीव दिला. थोरल्याने वर्षं दिली, आणि आईचा लळाही स्वतःहून दिला. सुनेने न केलेल्या गुन्ह्यासाठी दर भेटीला रांग लावली. ज्याने ते पिस्तूल बनवलं, त्याचा पत्ता अजून लागलेला नाही. त्याला मुठी घडवून देणारा दुसरा कुणीतरी मिळाला असेल. त्याने काही दिलेलं नाही.

आई अजून देते आहे. एकदम नाही. थोडं थोडं, जेव्हा जेव्हा आरी लागते तेव्हा.